शेऱ्याचा रकाना

आमच्या मामांची मार्केट यार्डात भुसार मालाची पेढी आहे. पेढी तीन पिढ्यांची, दिवाणजी दोन पिढ्यांचे. दोन वर्षांपूर्वी हिशेबाचं सॉफ्टवेअर तयार घ्यावं की करून घ्यावं, यावर बैठक बसली. मी पेपरात लिहितो, म्हणजे माझं मत फुकट मिळतं, म्हणून मलाही बोलावणं आलं.

सीए म्हणाले, टॅली घ्या. बंगळुरूच्या गोएंका बापलेकांनी १९८६ साली सुरू केलेली कंपनी, निम्मा बाजार तेच वापरतो. जीएसटीचा नियम बदलला की डोकेदुखी त्यांची. मामा मान डोलावणार, एवढ्यात दिवाणजींनी विचारलं, "शेऱ्याचा रकाना आहे का त्यात?"

हा रकाना म्हणजे आमच्या पेढीची रिझर्व्ह बँक. खतावणीत प्रत्येक गिऱ्हाइकासमोर दिवाणजींच्या बारीक अक्षरात शेरा असतो. 'तोंडाने गोड. चेक वटल्यावर माल.' 'स्वतः सज्जन, मेहुणा भागीदार.'

"शेरा लिहिता येतो की," सीए म्हणाले.

"आणि बिलावर छापून गिऱ्हाइकाच्या हातात गेला तर?"

बैठकीत शांतता पसरली. तेवढ्यात हिंजवडीला नोकरी करणारे जावई म्हणाले, "मी करून देतो, अगदी आपल्याला हवं तसं. महिन्याभराचं काम." पैसे किती, हे कुणी विचारलं नाही. जावयाला कोटेशन कोण मागणार?

मी लिडलची गोष्ट सांगून पाहिली. ही जर्मन दुकानांची साखळी. तिने २०११ पासून सॅपचं सॉफ्टवेअर बसवायला घेतलं. लिडल मालाची किंमत खरेदीच्या भावाने धरते, सॅपची रीत विक्रीच्या भावाची. लिडलने आपली रीत सोडली नाही, सॉफ्टवेअरच वाकवत राहिली. २०१८ मध्ये सगळं गुंडाळलं, तोवर सुमारे पन्नास कोटी युरो गेल्याच्या बातम्या आल्या. तात्पर्य सांगायला मी तोंड उघडलं, तर मामा कौतुकाने म्हणाले, "म्हणजे तिथलेही दिवाणजी खमके होते!"

काम जावयांकडे गेलं.

महिन्याचे अकरा महिने झाले. हमाली, तोलाई, वाराई हे तीन वेगळे खर्च आहेत, एवढं पटायलाच त्यांना दोन महिने लागले. दर रविवारी जावई येत, म्हणून दर रविवारी श्रीखंड-पुरी. सॉफ्टवेअर फुकट होतं. श्रीखंडाचा आकडा मामींनी कुठल्याच खात्यात धरला नाही. दिवाणजी रोज संध्याकाळी संगणकातले आकडे वहीत उतरवून घेत, चुकले असतील तर कळावं म्हणून. ते चुकतच.

एक सोय मात्र मामांना फार आवडली. कालची नोंद आज पुसता येत असे, मागमूस न ठेवता. ते पाहून सीएंचा चेहरा पडला. पेढी आता प्रायव्हेट लिमिटेड आहे. कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरने प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवलीच पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. जावयांना विचारलं, तर ते म्हणाले, "हे रिक्वायरमेंटमध्ये नव्हतं."

रिक्वायरमेंट कुठे लिहिलेली होती? श्रीखंड खाताना तोंडी सांगितलेली.

मग जावयांना कंपनीने ॲम्स्टरडॅमला धाडलं. सॉफ्टवेअरचं सगळं मूळ त्यांच्या लॅपटॉपवर, लॅपटॉप कंपनीचा, तो त्यांनी जमा केलेला. मामा रात्री साडेअकराला फोन करत, कारण तिकडे तेव्हा सवड असे. मुलीच्या संसाराची चौकशी करून झाल्यावर हळूच विचारत, "अहो, ते ताळेबंदाचं बटण दाबलं की पडदा काळा होतो."

मार्चअखेर टॅली आलं. विकत, रोखीने, पावतीसकट. मामांनी संगणकाला हळदकुंकू वाहिलं, दिवाणजींनी नारळ फोडला आणि आपली खतावणी उघडून एक नवं खातं घातलं. मी खांद्यावरून डोकावलो.

'सॉफ्टवेअर. माणूस घरचा. आगाऊ श्रीखंड देऊ नये.'