मुक्या स्पीकरची रीतसर चौकशी

गणपतीच्या सजावटीसाठी आरती वाजवणारं यंत्र घरच्या घरी करायला घेतलेल्या बिबवेवाडीतील हौशी गृहस्थांसाठी हे मार्गदर्शन आहे. सामग्री अशी धरली आहे: एक आर्डुइनो, एक डीएफप्लेअर मिनी, मेमरी कार्ड, चिकटपट्टीच्या भरवशावर टिकलेल्या तारा आणि आठ ओहमचा एक स्पीकर. हा स्पीकर काल रात्रीपर्यंत खणखणीत वाजत होता. आज मेव्हणे बघायला आले आणि त्याने मौन धरलं.

सर्वप्रथम दोष स्पीकरला द्यावा. आवाज तिथून यायचा असतो, तेव्हा गुन्हेगारही तिथेच असणार. पुरावे गोळा करत बसू नये, थेट बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठावी. स्वारगेटपर्यंत बस, पुढे मेट्रोने मंडई आणि तिथून चालत. स्कूटर नेणाऱ्यांनी ती लावायला जागा शोधण्याचा वेळ वेगळा काढून ठेवावा. दुकानात नुसतं ‘एक स्पीकर द्या’ म्हणू नये. ‘किती ओहम, किती वॉट?’ असा प्रतिप्रश्न येतो, त्यावर ‘एवढा, वाटीएवढा’ हे उत्तर चालत नाही आणि मागे उभा असलेला इंजिनिअरिंगचा पोरगा ते ऐकतो.

नवा स्पीकर आणून जोडावा. तोही गप्प बसेल. मग तिसरा आणावा. ‘हल्ली सगळा मालच चायनाचा’ हा निष्कर्ष दुसऱ्या स्पीकरनंतर काढला तरी चालतो, तिसऱ्यानंतर तो अधिक वजनदार वाटतो.

ज्यांना हा राजमार्ग परवडत नाही, त्यांच्यासाठी एक कंजूष पद्धतही आहे. भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढावा. घरात कुणाला वेळ विचारायची असेल तर ती आधीच विचारून घ्यायला सांगावं. स्पीकरच्या तारा यंत्रातून सोडवून सेलच्या दोन टोकांना क्षणभर टेकवाव्यात. ‘टक’ असा आवाज आला आणि कागदी शंकू जरासा हलला, की स्पीकर निर्दोष. मल्टिमीटर असेल तर तो सहा-सात ओहम दाखवेल. वर आठ छापलेलं असताना सात दिसले म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. मीटर तारेचा नुसता डीसी रोध मोजतो; छापलेले आठ हे आवाजाच्या, म्हणजे सतत उलटसुलट होणाऱ्या प्रवाहासाठी असतात. मीटरवर ‘ओएल’ आलं तरच कॉइल तुटली असं समजावं. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडलेली रचनाच अजून चालू आहे: एक चुंबक, एक तारेचं वेटोळं, एक शंकू. एवढ्याशा जिवात बिघडण्यासारखं असतं किती? बाकीच्या यंत्रात मात्र भरपूर असतं, म्हणूनच तिकडे कुणी बघत नाही.

तरीही बघायचंच असेल, तर डीएफप्लेअरच्या ‘बिझी’ पायावर मीटर लावावा. गाणं चालू असताना तिथला व्होल्टेज शून्याजवळ येतो. तसा आला आणि तरी शांतता असेल, तर एक तर स्पीकरकडे जाणारी तार सुटलेली आहे, नाहीतर ती कुणी जाणत्याने ग्राउंडला जोडली आहे. जुन्या रेडिओंवर हात बसलेल्यांना ही सवय असते. या यंत्रात स्पीकरचे दोन्ही पाय जिवंत असतात, ग्राउंडला एकही जायचा नसतो.

व्होल्टेज वरच राहिला, तर यंत्र मुळात वाजतच नाहीये. मग कार्ड काढावं. ते ३२ जीबीपर्यंतचं आणि फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं लागतं. फोल्डरचं नाव ‘एमपी३’ आणि फाइलचं नाव चार आकडी, ०००१ असं. ‘आरती फायनल नवीन खरी फायनल’ या नावाच्या फाइलकडे डीएफप्लेअर ढुंकूनही पाहत नाही. टीएक्सची तार समोरच्या आरएक्सला गेली आहे ना, हे पाहावं. सारख्या नावांच्या पायांची सोयरीक इथे चालत नाही. दोन्ही पाट्यांचं ग्राउंड एक असावं. वीज मोबाइलच्या मरतुकड्या केबलमधून येत असेल, तर आरती टिपेला पोचताच व्होल्टेज कोसळतो आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. वार गुरुवार असेल, तर घरात वीज आहे का, हेही पाहावं.

सगळं ठीक निघालं, तर प्रोग्रॅममधला व्हॉल्यूम तपासावा. तो ० ते ३० असा असतो. काल रात्री उशीर झाला म्हणून तो शून्यावर आणणारी व्यक्ती बहुधा घरातलीच असते आणि तपासाच्या वेळी तीच सर्वांत मोठ्याने सल्ले देत असते. तिचं नाव मेव्हण्यांसमोर घेऊ नये.

आवाज आला की त्यामागून बारीक खरखर ऐकू येईल. आरएक्सच्या तारेत एक हजार ओहमचा रेझिस्टर घातला की ती बरीच कमी होते. पण त्यासाठी पुन्हा तपकीर गल्ली गाठावी लागत असेल, तर त्या झांजा आहेत असं पाहुण्यांना सांगावं. महिनाभर ढोल-ताशांचा सराव ऐकलेले कान हरकत घेत नाहीत.