फोटो फ्री आहेत का?

हॅवलॉक बेटाचं नाव २०१८ च्या डिसेंबरात स्वराज द्वीप झालं आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजयपुरम. पण अंदमानात उतरलेल्या मराठी कुटुंबाला नावांशी फारसं कर्तव्य नसतं. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी आणि रात्रीचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम झाला, की दुसऱ्या सकाळी ते हॅवलॉकच्या फेरीत बसतं. जेटीवर उतरतं ते एकाच प्रश्नासह: स्कूबा चांगलं आणि वाजवी कुठे मिळेल?

चांगलं आणि वाजवी, दोन्ही.

बेटावरच्या गावांची नावं गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे वसवलं गेलं, त्यांची ही गावं. नाशिककराला गोविंदनगर ऐकून क्षणभर घरी आल्यासारखं वाटतं. रस्त्याने जाताना ठिकठिकाणी लाल कापडावर तिरका पांढरा पट्टा असलेलं निशाण दिसतं. समुद्रावर त्याचा अर्थ 'खाली माणूस आहे, बोट जपून हाका'. दुकानावर त्याचा अर्थ 'आत या'.

आत कोण जातं? प्रत्येक मराठी कुटुंबात एक चौकशीप्रमुख असतो. बहुधा पन्नाशीचा, बहुधा बँकेतला. बाकीचे रिक्षात थांबतात, हा उतरतो. याचे प्रश्न ठरलेले. माणशी किती? तिघांचे मिळून किती? पाण्यात किती वेळ ठेवणार? पोहता येत नाही, चालेल ना? आणि सर्वात महत्त्वाचा: फोटो-व्हिडिओ फ्री आहेत का?

फोटो फ्री असतात. हॅवलॉकला बहुतेक ठिकाणी ते दरातच धरलेले असतात, त्यामुळे हा प्रश्न विचारून दुकान निवडणं म्हणजे काहीच न निवडणं. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली इंटरनेटची केबल २०२० च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. त्याआधी हे व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये घालून ठाण्यापर्यंत जपून न्यावे लागत. आता डोक्याचे केस वाळायच्या आत ते सोसायटीच्या ग्रुपवर पोचतात, एवढाच फरक.

पोहण्याच्या प्रश्नाचं उत्तरही सगळीकडे 'चालेल' असंच मिळतं, आणि ते खरं आहे. पहिल्यांदा चव घेण्यापुरत्या डायव्हला पोहता यावं लागत नाही. ओपन वॉटर हा रीतसर कोर्स करायचा असेल तर मात्र २०० मीटर पोहून दाखवावं लागतं आणि दहा मिनिटं तरंगावं लागतं.

खरी गंमत 'किती वेळ' या प्रश्नात आहे. पाठीवरची टाकी साधारण ११ लिटरची, तिच्यात २०० बारच्या दाबाने हवा भरलेली. दहा मीटर खाली गेलं की एकूण दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो आणि प्रत्येक श्वासाला हवाही दुप्पट लागते. त्यात घाबरलेला माणूस धापा टाकतो. म्हणजे अर्धा तास मिळणार की वीस मिनिटं, हे दुकानदारापेक्षा चौकशीप्रमुखाच्या छातीतल्या भात्यावर जास्त अवलंबून. हे त्याला सांगितलं की तो गप्प होतो, कारण स्वतःशी घासाघीस करता येत नाही.

या टाकीला तो 'ऑक्सिजनची टाकी' म्हणतो. तिच्यात ऑक्सिजन नसतो, म्हणजे तुमच्या-आमच्या बैठकीच्या खोलीत असतो तेवढाच, २१ टक्के. ती साधी हवा, गाळून, कोरडी करून, दुकानाच्या मागे कॉम्प्रेसरने भरलेली. काउंटरवर अर्धा तास घालवणारा ग्राहक मागे जाऊन दोन मिनिटं तो कॉम्प्रेसर पाहत नाही. कॉम्प्रेसर हवा जिथून ओढतो ते तोंड इंजिनाच्या धुरापासून लांब हवं. नाहीतर धुरातला कार्बन मोनॉक्साइड टाकीत जातो, आणि खाली दाब वाढला की त्याचा त्रासही वाढतो. त्या विषाला स्वतःचा वास नसतो, पण त्याच्यासोबत आलेल्या धुराला आणि तेलाला असतो. देवगडच्या पेटीतला एकेक आंबा देठाशी नाक नेऊन हुंगणारा माणूस टाकीचा व्हॉल्व्ह जरासा उघडून का हुंगत नाही, हे कोडं आहे. चांगल्या हवेला कसलाच वास येत नाही.

मग फॉर्म येतो. तो आरोग्याचा, आणि दुकान कसं आहे ते इथे कळतं.

कॉलेजातली कन्या मोठ्याने वाचू लागते. दुसराच प्रश्न: वय ४५ च्या वर आहे का? मातोश्री म्हणतात, "नाही लिही." कन्या म्हणते, "आई, खाली आधार कार्ड जोडायचंय." 'हो' लिहिलं की पुढची चौकट उघडते: धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, घरात कुणाला लवकर हृदयविकार. मातोश्रींचं सगळं 'नाही'. चौकशीप्रमुखाची पाळी आली की तोही 'नाही, नाही, नाही' करत सुटतो.

"अहो, सकाळची गोळी घेता ना?"

"ती बीपीची नाही. बीपी येऊ नये म्हणून आहे."

एका प्रकारच्या दुकानात यावर उत्तर येतं, "सगळीकडे 'नाही' लिहा सर, फॉर्मॅलिटी आहे." हे दुकान गोड बोलतं, चहा देतं आणि माणशी तीनशे कमी करतं. दुसऱ्या प्रकारच्या दुकानात उन्हाने रापलेला एखादा पोरगा पेन खाली ठेवतो आणि म्हणतो, "डॉक्टर की साइन लाइए." चौकशीप्रमुखाला हा अपमान वाटतो. इतकी वर्षं लोकांच्या कर्जाच्या अर्जांवर कागदपत्रं अपुरी म्हणून शेरा मारला तो त्याने, आणि आज त्याच्याच अर्जावर शेरा. पण पारखायची खूण हीच आहे: दुकान पैसे परत ढकलायला तयार आहे का?

पाटीवरच्या आद्याक्षरांनी हे कळत नाही. पाडी ही स्कूबा प्रशिक्षणाची संस्था १९६६ ची, एसएसआय १९७० ची, दोन्ही अमेरिकेत जन्मल्या आणि दोन्हींचे नियम बऱ्यापैकी सारखे. पाटीचा अर्थ दुकानाने ते नियम मान्य केलेत. आज सकाळी ते पाळले का, हे पाटीला ठाऊक नसतं. इन्स्ट्रक्टरचा क्रमांक मागून तो संस्थेकडे तपासता येतो. तो कुणी मागत नाही, आणि मागितला तर चांगला इन्स्ट्रक्टर रागावत नाही. पाडीच्या नियमाप्रमाणे पहिल्या डायव्हला १२ मीटरच्या खाली न्यायचं नाही आणि समुद्रात एका इन्स्ट्रक्टरमागे चारपेक्षा जास्त नवखे नसावेत. चार ही कमाल मर्यादा आहे. घरातल्यांना घेऊन बाजारात गेलेल्या कुणालाही ठाऊक असतं, की तीन माणसांवर एकाच वेळी नजर ठेवता येत नाही. हॅवलॉकला बरीच दुकानं नवख्या माणसामागे एक इन्स्ट्रक्टर देतात. 'माझ्यासोबत कोण, आणि त्याच्याकडे आणखी किती जण?' हा प्रश्न फोटोंच्या आधी यायला हवा.

आणखी एक: गुडघाभर पाण्यात किती वेळ शिकवणार? घाईतलं दुकान म्हणतं, पाच मिनिटांत होतं. शहाणं दुकान मास्कमधलं पाणी काढायला लावतं, रेग्युलेटर तोंडातून काढून परत घालायला लावतं आणि कान मोकळे करायला शिकवतं. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, या युक्तीला बोलोन्याच्या अंतोनियो वाल्साल्व्हाचं नाव आहे. हा शरीरशास्त्रज्ञ १७२३ मध्ये वारला, स्कूबाचं उपकरण आलं १९४३ मध्ये. सर्दी झालेल्या माणसाला हे जमत नाही. म्हणून शहाणं दुकान शिंक ऐकली की परत पाठवतं, आणि मग 'सर्दी नाही हो, फेरीतल्या एसीमुळे नाक चोंदलंय' ही वकिली सुरू होते. फेरीतला एसी कडक असतो हे खरं. कानाचा पडदा कारण विचारत नाही.

खुणाही इथेच शिकवतात. पाण्याखाली वर केलेला अंगठा म्हणजे 'वर चला'. 'सगळं ठीक' सांगायला अंगठा आणि तर्जनीची गोल कडी करायची. रंगीत मासा दिसला की मराठी माणूस आनंदाने 'झकास' म्हणून अंगठा दाखवतो, आणि इन्स्ट्रक्टर आज्ञाधारकपणे त्याला वर आणतो. वर आल्यावर दोघेही विचारतात, "काय झालं?"

नवख्याला किनाऱ्यावरून चालत जाऊन नेमो रीफवर नेतात. यावरही तक्रार असते: इतके पैसे देऊन बोटही नाही? डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज ही नावं त्याने कुठेतरी वाचलेली असतात. बर्मेतून ब्रिटिशांच्या काळात येऊन मधल्या अंदमानात वसलेल्या करेन लोकांपैकी काही जण इथल्या बोटींवर काम करत, त्या नावाड्यांची ही नावं. या जागा खोल आहेत, प्रवाहाच्या आहेत, आणि नवख्यासाठी नाहीत. 'नेऊ की सर' म्हणणाऱ्या दुकानातून निघून यावं.

मग ठेवणीतलं अस्त्र बाहेर येतं: "आमच्याकडे मालवणला याच्या निम्म्यात होतं." होतं, हे खरं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास उथळ पाण्यात होतं, आणि तारकर्लीला एमटीडीसीची रीतसर स्कूबा प्रशिक्षणाची संस्थाही आहे. पण काही जण माशांना पाव टाकून फोटोत गर्दी जमवतात, आणि गिऱ्हाइकांनाही तेच आवडतं. आणि २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, तो पाण्याखाली नव्हे, परतीच्या वाटेवर. म्हणून बोट असेल तर ती पाहावी, माणसं मोजावीत, लाइफ जॅकेटं मोजावीत. हे मोजायला बँकेतला माणूस उत्तम.

ऑक्सिजनबद्दलही त्याने विचारावं, पण आता योग्य ठिकाणी. अपघात झाला तर प्रथमोपचाराला शुद्ध ऑक्सिजनचा सिलिंडर दुकानात, आणि बोट असेल तर बोटीवर, लागतो. तो कुठे आहे असं विचारल्यावर पोरगा थेट बोट दाखवतो, की 'भैया को मालूम है' म्हणतो, हे पाहावं.

शेवटी दुकानदार विचारतो, "फ्लाइट कधी?"

हा प्रश्न आला की समजावं, दुकान बरं आहे. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि त्याआधी विमानात बसलं तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला असा, की एका डायव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त डायव्ह झाल्या तर १८ तास विमान टाळावं. कुटुंबाचं विमान परवा सकाळी साडेसातला. दोन डायव्हचं पॅकेज पाचशेने स्वस्त, म्हणून चौकशीप्रमुखाने उद्या दुपारच्या दोन ठरवलेल्या. दुकानदार म्हणतो, एकच होईल.

शेजारचं दुकान म्हणतं, "विमान वर जातं, तुम्ही खाली जाता. काय संबंध?"

"अहो, त्या पहिल्याकडेच चला," मातोश्री रिक्षातून म्हणतात. त्यांचा तो स्वर मोडायचा नसतो.

चौकशीप्रमुख पहिल्याकडे परत जातो, पण पाचशे रुपये सोडून देणं त्याच्या स्वभावात नाही. तो बोटांवर साडेसातपासून अठरा तास मागे मोजतो. आदल्या दिवशीचा दुपारचा दीड. म्हणजे दुसरी डायव्ह बाराच्या आत आटोपली तर दोन्ही बसतात, आणि दुपारची फेरीही मिळते. दुकानदार कॅलेंडर पाहतो, भरती-ओहोटीचा तक्ता पाहतो आणि मान डोलावतो. अंदमानात उजाडतंही लवकर. "तब होगा. सुबह छह बजे आइए."

डॉक्टरांची सही मिळालेली नाही, त्यामुळे चौकशीप्रमुख स्वतः पाण्यात उतरणार नाही. त्याच्याकडे चपला, चष्मे आणि पाकिटं सांभाळायची आहेत. तरीही पहाटे पावणेपाचला सगळ्यात आधी आंघोळ करून, खोलीतला दिवा लावून, "उठा, उठा, नायट्रोजन थांबणार नाही" असं तोच ओरडत असतो, आणि कन्या उशी डोक्यावर घेऊन त्या पाचशे रुपयांबद्दल काहीबाही पुटपुटत असते.