पंपावरच्या बाटलीबहाद्दरास अनावृत पत्र

श्री. बाटलीबहाद्दर, मुक्काम पेट्रोल पंप, यांस,
सा. न. वि. वि.

मी 'नको' म्हणेपर्यंत आपण बूच फोडून ती पिवळी बाटली टाकीत उपडीही केलीत. ही चपळाई हवा भरायच्या मशीनपाशी कुठे जाते, कोण जाणे!

"पाणी खेचून घेते साहेब, जुन्या गाडीला पावसाळ्यात पाहिजेच," हे आपले शब्द. त्यानंतर आमची कार्बोरेटरवाली मारुती ८०० घाटाच्या दुसऱ्या वळणावर उचक्या देऊ लागली आणि तिसऱ्यावर बसली. मेस्त्रींनी टाकी उतरवून ऐवज काचेच्या बरणीत ओतला. वर पेट्रोल, खाली गढूळ थर.

बाटलीवरची बारीक अक्षरं मग भिंग लावून वाचली. आत काय, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल! निव्वळ पेट्रोलच्या जमान्यात या औषधाला अर्थ होता. तळाचं पाणी पोटात घेऊन ते पेट्रोलमध्ये मिसळायचं आणि थोडं थोडं इंजिनातून निघून जायचं. आता आपल्या नळीतून येणाऱ्या ई-२० च्या दहा लिटरांत दोन लिटर इथेनॉलच असतं, म्हणजे पुन्हा अल्कोहोलच. तेही पाणी पितं. पण पाणी मर्यादेबाहेर गेलं की पेट्रोलची साथ सोडून पाण्यासकट तळाशी बसतं, नेमकं इंजिन जिथून पेट्रोल ओढतं तिथे. दोन लिटरांना जे झेपलं नाही, ते आपली पाव लिटरची बाटली निस्तरणार होती? असं फाटलेलं पेट्रोल उपसून टाकण्यावाचून इलाज नसतो.

ई-२० साठीचं २०३० साल सरकारने २०२५ वर आणलं. माझ्या गाडीचे रबरी पाइप मात्र गेल्या शतकातच राहिले. त्यासाठी वेगळं पत्र लिहीन. मायलेज, पिकअप, कचरा साफ या आपल्या उरलेल्या आश्वासनांसाठी तेही नाही.

पण पाणी आलं कुठून? माझ्या झाकणाचा वायसर नवा आहे, पावसाळ्यात टाकी मी अर्ध्याखाली जाऊ देत नाही. तुमच्या जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाभोवती मात्र घोटाभर पाणी तुंबलेलं होतं. ते उपसायला मालकाला माणूस मिळत नाही, बाटल्या मांडायला काचेचं कपाट मिळतं! आधी पाणी विकायचं, मग पाण्यावरचं औषध विकायचं. हा धंदा आहे की दरोडा?

जाऊ दे, अहोजाहो पुरे. रात्री त्याच पाण्यात गळका रेनकोट घालून तू उभा होतास, आणि मी आवाज चढवल्यावर हळूच म्हणालास, रोजच्या ठरलेल्या बाटल्या खपल्या नाहीत तर पगार कापतात. ती बाटली तुझ्या गळ्यात मारली गेली, मग तू माझ्या टाकीत.

पुढच्या खेपेला बाटली कपाटातच राहू दे. डिप रॉडला पाणी ओळखणारी पेस्ट लावून तुमच्या टाकीचा तळ तेवढा मला दाखव. इथेनॉलवाल्या पेट्रोलची पेस्ट हवी हं, जुनी त्या थराला फसते. मालकाने विचारलं तर बेधडक माझ्यावर ढकल. सांग, म्हातारं कटकटं आहे, ऐकतच नाही.

आपला,
एक जुना गाडीवाला