वीतभर अंतर

आमच्या आणि काकूंच्या अंगणात छातीएवढी भिंत आहे. वाटीभर साखर पलीकडे सरकवायला आणि कोपर टेकून बोलायला, एवढाच तिचा उपयोग. चैत्र संपत आला होता. मी खाटेवर बिबड्या घालत होते. काकू आठ दिवस पुण्याला लेकाकडे राहून आदल्या रात्रीच आल्या होत्या, त्यामुळे भिंतीवर कोपर येणार हे ठरलेलंच.

"काय करू राहिली व माय? मले एक ओली बिबडी दे आधी, मंग सांगते."

बिबडी गेली आणि खोपोली सुरू झाली. लेकाने सगळ्यांना इमॅजिकात नेलं होतं. तिथे नायट्रो नावाची एक गाडी आहे. रुळावरून पळते, पण पायाखाली तळच नाही, पाय हवेत. चाळीस मीटरवर चढवतात आणि तिथून सोडून देतात. काकू अर्थातच बसल्या नाहीत. "मी खाली बाकड्यावर. मांडीवर चार मोबाइल, तीन चष्मे, पायाशी सगळ्याईच्या चपला. नातू तिकडे उलटा होऊ राहिला, अन् मी इकडे मारुतीले नारळ बोलू राहिली. पाच वेळा उलटा झाला. मोजलं मी!"

नारळ पाच का एक, ते मी विचारलं नाही.

पण काकूंची खरी तक्रार उलटं होण्याबद्दल नव्हती. नातू खाली उतरला तो थरथरत आणि हसत. म्हणाला, आजी, खांब डोक्यावरच येत होता, थोडक्यात वाचलो. "आता मले सांग, एवढे पैसे घेतात, तं तो खांब जरासा बाजूले नही करता येत?"

मागे काका सायकलला तेल देत होते. ते वर न बघता बोलले, "खांब बाजूले केला तं तिकीट कोन काढीन?"

काका वरणगावच्या फॅक्टरीतून रिटायर झाले. 1964 सालापासून आपल्याकडे काडतुसं बनतात, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक. काकांचं सगळं आयुष्य ती काडतुसं तपासण्यात गेलं. गो, नो-गो गेज हा त्यांचा आवडता विषय. एका गेजात माल गेलाच पाहिजे, दुसऱ्यात जाताच कामा नये. जावयाची पारखही त्यांनी अशीच केली होती म्हणतात, पण ते राहू दे.

तर काकांचं म्हणणं असं, की खांब तिथे मुद्दाम ठेवलेला असतो. उंचापुरा माणूस धरायचा. त्याला पट्ट्यात अडकवल्यावर हात वर, हात बाजूला, पाय पुढे, जिथवर पोचतील तिथवर त्याच्याभोवती एक पोकळ पेटी कल्पायची. ती पेटी पूर्ण रुळावरून फिरवायची. वळणावर गाडी कलंडली की पेटीही कलंडते. तिच्या आत खांब नाही, तुळई नाही, झाडाची फांदीही नाही. कागदावर हिशेब झाला तरी भागत नाही. माणसं बसवण्याआधी त्या मापाचा सांगाडा गाडीवर उभा करून गाडी हळूहळू ओढत नेतात. कुठे खुट्ट झालं की थांबा. "म्हन्जे नो-गोच," काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर गावचा माणूस परदेशात भेटल्याचा आनंद होता.

आणि पेटीच्या बाहेर? तिथे, अगदी कडेला, बनवणारा मुद्दाम खांब आणतो.

लांबून येताना खांबालगतची फट आहे त्याहून लहान दिसते. बोगद्याचं तोंड तर माणूस मावणार नाही एवढंच वाटतं. गाडी तिथे पोचेपर्यंत डोळ्यांना माप घ्यायला वेळच मिळत नाही. नीट विचार करायच्या आत मान खाली गेलेली असते. हात वर करून ओरडणारे शूरही तिथे हात आवळून घेतात. पट्ट्यात बांधलेला माणूस हात लावायला गेला तरी लागणार नाही, पण हे त्या क्षणी त्याच्या मानेला कोण सांगणार?

मला आमची भुसावळची गाडी आठवली. खिडकीतून लांबचं शेत बघा, सावकाश जातं. रुळालगतचा खांब मात्र सटकन मागे पळतो. वेग तोच. आणि शेजारच्या रुळावरून मालगाडी आली की धाडकन आवाज होतो. आयुष्यभर अपडाऊन केलेला माणूसही दचकतो. मोकळ्या आभाळात ताशी शंभरानेही कंटाळा येईल. काहीतरी जवळून गेलं पाहिजे. इंग्लंडात ऑल्टन टॉवर्समध्ये उंच बांधायला मनाई होती, तर जॉन वॉर्डली नावाच्या गृहस्थाने खडक खोदून 1994 मध्ये नेमेसिस ही गाडी जमिनीतच घातली. माणसं रुळाखाली लोंबकळतात आणि खडक पायांजवळून जातो. उंची मिळाली नाही तर त्याने जवळीक वापरली.

"मंग दोन गाड्याच समोरासमोर सोडा ना," काकू चिडून म्हणाल्या.

सोडल्या होत्या! अमेरिकेत, ऑरलँडोला, 1999 मध्ये. ड्युएलिंग ड्रॅगन्स नाव. दोन गाड्या, दोन्हींत माणसं पाय सोडून बसलेली, आणि तीन ठिकाणी एकमेकींच्या जवळून, सर्वांत जवळ हातभर अंतर, 46 सेंटिमीटर. भरलेली गाडी जड, ती आधी पोचेल. म्हणून कॉम्प्युटर दोन्हींचं वजन करायचा आणि हलकी किती आधी सोडायची ते ठरवायचा. मला हे भाच्याने सांगितलं, तो असल्या यंत्रांवर जीव टाकतो. पण रुळांचं, चाकांचं, माणसांचं माप झालं, खिशातल्या वस्तूंचं राहिलं. हवेत उडालेलं काहीतरी समोरच्याला लागल्याच्या तक्रारी आल्या आणि 2011 मध्ये दोन्ही गाड्या एकत्र सोडणं बंद झालं.

काकूंनी मांडीवरच्या तीन चष्म्यांकडे नव्याने पाहिलं असावं. "म्हनून काढून घेतलं व सगळं माझ्याजवळ!"

मला मात्र आपल्याकडचं बघून धाक वाटतो. बारागाड्या ओढतात तेव्हा बारा बैलगाड्या एकाला एक बांधलेल्या, वर माणसं लदलेली, पुढे एकटा भगत, आणि दोन्ही बाजूंची गर्दी चाकाला खेटून. तिथे कोण सांगाडा फिरवून बघतो? मुक्ताईच्या यात्रेत मौत का कुआँ लागला की वर कठड्यावरून आपण दहाची नोट पुढे धरतो आणि मोटारसायकलवाला हात सोडून ती घेऊन जातो. ते अंतर त्याच्या मनगटात असतं, कागदावर नसतं. तिथली भीती खरी. खोपोलीतली विकत आणलेली. काका म्हणतात, विकत आणलेलीच बरी, तिच्यावर तपासणीचा शिक्का असतो. काकूंना हे पटलेलं नाही. त्यांच्या मते भीती फुकट मिळते ती काय कमी आहे. लाईट बिल आलं की झालं.

अखाजीला पुण्याहून नात आली. निंबाला झोका बांधायचा होता. मी भिंतीवरून बघत होते. काकांनी दोर बांधला, नातीला बसवलं, पाय ताणायला लावले, आणि केरसुणीचा दांडा तिच्या पायाला लावून सावकाश झोका पुढे नेला. दांडा भिंतीला लागला. दोर सोडला, फांदीवर मागे सरकवला, पुन्हा बांधला, पुन्हा दांडा. असं चार वेळा. काकू म्हणाल्या, अहो, मागं मोप जागा आहे, तिकडे घ्या ना झोका.

"नको," काका म्हणाले, आणि दोर वीतभर परत पुढे घेतला.

पोरगी भिंतीकडे आली, किंचाळली, आणि तिची बोटं भिंतीपासून वीतभरावरून मागे गेली. "आजोबा, अजून!" माझ्या बिबड्यांची खाट मी तेवढी आत ओढून घेतली.