सोयरीक टोकियोत, भाऊबंदकी परभणीत

जगात जर्मनी, भारतात परभणी. हे म्हणताना आम्ही जर्मनीला कधी विचारलं नाही. निष्ठेला पुरावा लागत नाही, हा आमचा जिल्हाधर्म. लगीनसराई जवळ आली की तो कॅमेऱ्यांच्या बाबतीत अधिकच कडक पाळला जातो.

जिंतूर-मानवतच्या एखाद्या पोरानं लग्नाच्या शूटिंगसाठी कॅमेरा घ्यायचं नुसतं मनात आणावं, सल्लागार हजर.

"सोनी घे, फोकस सुटतच नाही."

"सोनीत नवरी पिवळी दिसती. कॅनन घे."

"कॅनन तापतो. पॅनासॉनिक बघ."

निकॉनवाला चहा संपेपर्यंत गप्प. मग म्हणतो, "आपली बॉडी पडली तरी फुटत नाही." कॅमेरा शूटिंगला घ्यायचाय की पाडायला, हे त्याला कोणी विचारत नाही.

गंमत अशी की १९३६ साली कॅननचा पहिला कॅमेरा विक्रीला आला, तेव्हा त्याची लेन्स आजच्या निकॉननं बनवलेली होती. निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांतला सेन्सर सोनीच्या कारखान्यातला. सोनीचा अल्फा २००६ साली कोनिका मिनोल्टाकडून आलेला. सोयरीक सगळी तिकडे टोकियोत, भाऊबंदकी मात्र आमच्या स्टेशन रोडवर!

तरी कॅमेरावाल्यांच्या निष्ठेला मान द्यायला हवा. शिवसेनेच्या तिकिटावर निवडून येऊन पुढे पक्ष सोडणारे खासदार या मतदारसंघानं एकाहून अधिक पाहिलेत. तिथं उपरणं बदललं की काम भागतं. कॅमेऱ्याची कंपनी बदलायची तर सगळ्या लेन्सा पडत्या भावात विकाव्या लागतात, कारण एकीची लेन्स दुसरीच्या माउंटवर सरळ बसत नाही. पुढाऱ्यांनाही माउंट असता तर लोकशाही बरीच स्थिर झाली असती.

कामाचे प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही. पहिला प्रश्न सलग रेकॉर्डिंगचा. युरोपात अर्धा तास किंवा त्याहून जास्त रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्याला जादा जकात लागायची. म्हणून कंपन्यांनी कित्येक मॉडेलं २९ मिनिटं ५९ सेकंदांवर बंद पडतील अशीच बनवली. त्यातलीच एखादी सेकंडहँड बॉडी इकडे लग्नात उभी असते. माइकवर मंगलाष्टकं म्हणायला पाहुण्यांची रांग लागलेली, आणि जकात वाचवायची ब्रुसेल्सची!

दुसरा प्रश्न उन्हाचा. एरवी एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या या कंपन्यांच्या माहितीपुस्तिका एका बाबतीत बहुधा एकमतानं बोलतात: कॅमेरा ४० अंशांपर्यंतच वापरावा. परभणीत मे महिन्यात पारा ४४-४५ला टेकतो. त्यात मुहूर्त भरदुपारचा, कार्यालय पत्र्याचं. इथं सोनी, कॅनन, पॅनासॉनिक, निकॉन, सगळे सारखेच वऱ्हाडी: सावली शोधणारे.

तेव्हा पोरा, एका लग्नापुरता कॅमेरा भाड्यानं आण. भरदुपारी चालवून बघ. बिघडला तर परभणीत दुरुस्त होतो की संभाजीनगर-पुण्याला धाडावा लागतो, तेही विचार. आणि सल्ला देणाऱ्याला एवढंच विचार, "दादा, तुमचे हप्ते किती राहिले?" जितके हप्ते जास्त, तितकी निष्ठा कडवी. हप्ते फिटलेला माणूस निष्ठेचं बोलतच नाही. तो हळूच विचारतो, "माझाच घेतोस का?"