भाव उतरतो, गाडी उतरत नाही

पंधरा लाखांची गाडी बारा वर्षांनी पाच लाखांत मिळाली, तरी तिचे ब्रेक पंधरा लाखांच्याच गाडीचे असतात. टर्बो, क्लच, शॉकअप, सेन्सर, यांतल्या कशाचाही भाव गाडीबरोबर खाली आलेला नसतो. जुनी दमदार सेडान घ्यायला निघालेल्या भंडारा जिल्ह्यातल्या प्रत्येकाला मला एवढंच सांगायचं आहे. टोकन देऊन झाल्यावर या बोलण्याचा काही उपयोग नाही, म्हणून आत्ताच सांगतो.

अशा गाडीची हौस असणं मला मुळीच वाईट वाटत नाही. ही हौस आपल्याच राज्यात वाढली आहे. स्कोडाने 2001 साली शेंद्र्याच्या कारखान्यातून, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेतून, ऑक्टाव्हिया बाहेर काढायला सुरुवात केली आणि मध्यमवर्गाच्या चार दारांच्या गाडीत खरा दम असू शकतो हे लोकांना कळलं. पुढे 1.8 टर्बोची ऑक्टाव्हिया आरएस आली, 2011 मध्ये 160 पीएसची लॉरा आरएस आली, 2017 मध्ये 230 पीएसची ऑक्टाव्हिया आरएस आली. 2022 पासून चाकणला तयार होणाऱ्या स्लाव्हिया आणि व्हर्टस या गाड्यांतलं 1.5 टीएसआय इंजिन 150 पीएस आणि 250 न्यूटन-मीटर टॉर्क देतं. त्यांचे पहिले मालक आता गाड्या बदलू लागले आहेत. एमएच 36 च्या पाट्या लावून यातल्या बऱ्याच गाड्या इकडे फिरतील, आणि फिराव्यातही.

दम हवा कशाला? भंडाऱ्याहून पवनीकडे किंवा तुमसरकडे निघा. धानाच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली पुढे, समोरून बस. ओव्हरटेक करताना उलट्या बाजूला तुम्ही जितके कमी सेकंद असाल तितकं बरं. ताकदवान गाडी ते सेकंद वाचवते. तिची खरी किंमत इथे आहे. 140 चा आकडा मोबाइलवर टिपून मित्रांना पाठवण्यात नाही. चारपदरी महामार्गावर कारसाठी केंद्राने 2018 साली ठरवलेली कमाल मर्यादा ताशी 100 किलोमीटर आहे, आणि साकोलीच्या पुढे आपला महामार्ग नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलपट्ट्यातून जातो. तिथे रात्री रस्ता ओलांडणाऱ्या जनावराला तुमच्या इंजिनाची ताकद माहीत नसते.

आता खरेदीकडे वळू. "काई काम नाई भाऊ, डाक्टर सायबाची गाडी हाये, पेट्रोल टाका अन् चालवा." हे वाक्य ऐकलं की लगेच बोनेट उघडायला लावा. त्याआधी बोनेटवर हात ठेवून पाहा. गरम लागलं तर विक्रेत्याने तुम्ही पोचण्याआधीच इंजिन चालू करून ठेवलं आहे. घरी परत जा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिनाला पहिला स्टार्ट देताना टायमिंग चेनचा टेन्शनर थकला असेल तर दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते. मग इंजिन गरम होतं आणि आवाज गायब. ती खडखड दुर्लक्षून गाडी घेतलीत आणि चेन सरकली, तर पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनच उघडावं लागतं. जुन्या 1.8 टीएसआय इंजिनांच्या बाबतीत चेन-टेन्शनर आणि ऑइल पिणं या दोन तक्रारी जगभर माहीत आहेत. म्हणून ऑइलची दांडी काढून पाहाच, आणि शेवटची सर्व्हिस कधी झाली, मधे किती ऑइल वरून टाकलं, हेही विचारा.

मग तीच गाडी दुपारी परत पाहा. मे महिना असेल तर फारच उत्तम. आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा टर्बो गाडीची खरी परीक्षा होते. हवा आधीच तापलेली, टर्बो ती दाबून आणखी तापवतो, इंटरकूलरला ती थंड करता येत नाही, आणि इंजिनाचा कॉम्प्युटर स्वतःहून ताकद कमी करतो. वॉटर पंपाची आणि थर्मोस्टॅटची प्लास्टिकची घरं वर्षानुवर्षांच्या उष्णतेने चिरतात. कूलंट हळूहळू उतरतं, कळतही नाही. डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या सात गिअरच्या बऱ्याच प्रकारांत क्लच कोरडा असतो, त्याला थंड करायला ऑइल नसतं. मोकळ्या महामार्गावर तो लोण्यासारखा चालेल. एसी लावून बाजारातल्या गर्दीत अर्धा तास सरपटत चालवा. पहिल्या-दुसऱ्या गिअरला झटके, चढावर सुटताना थरथर, ही सगळी लक्षणं तिथे दिसतात. विक्रेता म्हणेल, "हायवेवर चला न भाऊ, पिकअप दाखवतो." पिकअप नंतर पाहू.

लाखनी तालुक्यातल्या गडेगावात अशोक लेलँडचा कारखाना 1982 पासून आहे आणि तिथे गिअरबॉक्स बनतात. गिअरबॉक्स कसा असतो हे जाणणारी माणसं या जिल्ह्यात भरपूर आहेत, आणि मला त्यांच्या हातांचा आदर आहे. पण डीएसजीच्या मेकॅट्रॉनिकला नुसते हात पुरत नाहीत. गाडीच्या कंपनीचा स्कॅनर लागतो, सुटा भाग मागवावा लागतो, आणि गाडी बंद पडली की ती टोइंगवर साठेक किलोमीटर नागपूरला न्यावी लागते. म्हणून माझा हिशेब साधा आहे. पाच लाखांची गाडी घ्यायची असेल तर खिशात सव्वासहा असावेत, आणि ते सव्वा लाख पहिल्या दिवसापासून गाडीचेच समजावेत. तेवढे नसतील तर कमी ताकदीची गाडी घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

स्कॅनरवरून आठवलं. मीटर मागे फिरवलेलं आहे का, याचा धागा कधीकधी तोच देतो. या गाड्यांत एखाद्या बिघाडाच्या नोंदीसोबत त्या वेळचे किलोमीटरही साठवलेले असतात. मीटर 62 हजार दाखवतंय आणि बिघाड 1 लाख 10 हजारांवर नोंदलेला आहे, तर बोलणी तिथेच संपवा. स्कॅन करू द्यायला विक्रेता तयार नसेल, तरीही संपवा.

खाली बसून टायर बघा. बाजूला डीओटीनंतर चार आकडे असतात. 2317 म्हणजे 2017 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली असो, इतकं जुनं रबर कडक झालेलं असतं आणि पावसात ते धरत नाही. टायरच्या मापाशेजारी वेगाचं अक्षर बघा. कंपनीने डब्ल्यू म्हणजे 270 च्या क्षमतेचा टायर दिलेला असताना आधीच्या मालकाने स्वस्तातला टी, म्हणजे 190 चा, बसवला असेल, तर त्याने गाडी कशी पाळली हे तुम्हाला कळलं. चार टायर आणि चारही चाकांचे ब्रेकपॅड यांचा खर्च सौद्यातून वजा करायचा. म्युझिक सिस्टिमचा भाव सौद्यात वाढवायचा नाही.

"रीमॅप केलेली आहे, दोनशेच्या वर जाते" असं कुणी अभिमानाने सांगितलं तर मी त्या गाडीपासून दूर जातो. वाढवलेला टॉर्क झेलायला क्लच, ब्रेक आणि कूलिंग तेवढेच राहिलेले असतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळे बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलं आहे. आणि अपघातानंतर विमा कंपनीने न सांगितलेला बदल पकडला, तर दाव्यासाठी भांडत बसावं लागतं ते तुम्हालाच.

दिल्लीची गाडी स्वस्त मिळते, हे खरं. पण ती इकडे आणल्यावर एनओसी, महाराष्ट्राचा कर, नवा नंबर, हे सगळं आपल्या खिशातून जातं, आणि तिकडच्या कराचा परतावा मागत फिरावं लागतं. स्वस्ताई तिथेच संपते.

सगळ्यात जास्त हेळसांड होते कागदांची, आणि मला सगळ्यात जास्त राग येतो तो याच गोष्टीचा. कोऱ्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून गाडी तीन हातांतून फिरते, आरसीवर मात्र पहिल्याच मालकाचं नाव असतं. विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने 30 दिवसांत नाव चढवायचं, हे कलम 50 मध्ये लिहिलेलं आहे. एका माणसाने जुलै 2007 मध्ये गाडी विकली. ती पुढे आणखी हातांत गेली. मे 2009 मध्ये रिव्हर्स घेताना त्या मारुती 800 ने शेताकडे निघालेल्या एका बाईला आणि तिच्या नात्यातल्या मुलाला धडक दिली. मुलगा जागीच गेला. फेब्रुवारी 2018 मध्ये, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भरपाईला जबाबदार नोंदणीतलाच मालक. गाडी देऊन त्याला जवळपास दोन वर्षं झाली होती. ती मारुती 800 होती आणि मागे येत होती. इथे आपण 150 पीएसच्या गाडीची किल्ली अनोळखी मुलाच्या हाती देतो आणि आरसी आपल्याच नावावर ठेवतो.

विकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. डीलरकडे गाडी सोडत असाल तर त्याला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र आहे का ते विचारा. एप्रिल 2023 पासून तशी तरतूद आहे, आणि फॉर्म 29सी भरल्यावर गाडीची जबाबदारी त्याच्याकडे जाते. घेणाऱ्यांनी परिवाहनवर कितवा मालक, कर्जाचा बोजा आणि विमा तपासावा, थकलेली चलानं पाहावीत, बोजा उतरवल्याचं बँकेचं पत्र हातात घ्यावं. आणि सौद्याच्या चिठ्ठीवर आधीच लिहून घ्यावं, की शेवटचे पन्नास हजार आरसीवर आपलं नाव आल्यावरच मिळतील.