शर्टाचं टोक आणि कपाळावरचा गॉगल

चष्म्याच्या डबीत मिळणारं मऊ फडकं आमच्या सरावली गावात कुणी चष्म्याला लावत नाही. ते जपून ठेवायचं असतं. फार तर नव्या मोबाइलची काच त्याने पुसतात. चष्म्यासाठी शर्टाचं टोक आहेच.

शर्टही साधासुधा नव्हे. तारापूरची एमआयडीसी आमच्या कुंपणाला लागलेली. चिल्हार फाट्याकडून येणारे ट्रक, टँकर दिवसरात्र धूळ उडवतात आणि ती बोईसर स्टेशनपासून घरापर्यंत शर्टावर बसून फुकट प्रवास करते. संध्याकाळी ओट्यावर बसून माणूस भिंगावर ‘हाऽ’ करतो आणि त्याच शर्टाने गोल गोल चोळतो. धुळीतला वाळूचा कण प्लॅस्टिकच्या भिंगापेक्षा कितीतरी टणक. जुन्या काचेच्या भिंगांनी असले शर्ट निमूट सोसले. आताचं हलकं भिंग आणि त्यावरचा अँटिग्लेअरचा थर यांना ते झेपत नाही. ओरखड्यांचं जाळं पडतं, रात्री समोरच्या टँकरचा एक दिवा फुटून चार दिसतात आणि माणूस जाहीर करतो, “नंबर वाढला वाटतं.” नंबर तोच असतो. वाढलेले असतात ओरखडे, पण ते मोजायचं यंत्र चष्मेवाल्याकडे नाही.

माझं निरीक्षण असं, की डोळ्यांसाठी जे बनलंय ते आपण डोळ्यांवर घालत नाही, आणि जे डोळ्यांसाठी नाही ते मात्र हमखास डोळ्याला लावतो.

माझा पुतण्या एका कारखान्यात ग्राइंडिंगला आहे. कंपनीने गॉगल दिलाय आणि तो हेल्मेटवर चढवलेला असतो. सेफ्टी ऑफिसर दिसला की खाली येतो, गेला की वर.

“डोळ्यावर का नाही रे?”

“काका, वाफ धरते. काही दिसतच नाही.”

“मग पुसावा.”

“पुसतो की! टी-शर्टाने. म्हणून तर दिसत नाही.”

ठिणगीबरोबर लोखंडाचा बारीक कण डोळ्यात गेला, की जोडीदार रुमालाचं टोक पिळून वात करतो आणि पापणी उलटून शस्त्रक्रियेला लागतो. हा रुमाल सकाळपासून घाम, ग्रीस आणि वडापावाचं तेल अशी तिहेरी सेवा बजावत असतो. बुबुळात रुतलेल्या कणाभोवती लवकरच गंजाचं वर्तुळ धरतं, आणि ते काढायला डॉक्टरच लागतो. पण डॉक्टरकडे गेलं तर पाळी बुडते. रुमाल खिशातच आहे.

आमच्याकडच्या मुली स्कूटीवर निघतात तेव्हा स्कार्फ असा काही गुंडाळतात की सख्खी आई ओळखणार नाही. केस झाकलेले, कान झाकलेले, नाक-तोंड बंद, कोपरापर्यंत हातमोजे. उघडे फक्त डोळे! रंग उजळ राहावा म्हणून हा बंदोबस्त, आणि डोळ्यांचा रंग बिघडत नाही अशी समजूत असावी. वर्षानुवर्षं ऊन, वारा आणि धूळ खाल्लेल्या डोळ्यात पांढऱ्या भागावरचं मांस बुबुळावर सरकत येतं. उन्हातान्हात शेतात राबणाऱ्यांना आणि नवापूर-आलेवाडीकडे समुद्रावर जाणाऱ्यांना ते समजावून सांगावं लागत नाही. पुढे छज्जा असलेली टोपी यावर बऱ्यापैकी उपाय आहे, म्हणून तरुण पोरं ती उलटी घालतात आणि मानेला सावली देतात.

फुटपाथवरचा काळाकुट्ट गॉगल तर आणखी बेरकी. भिंग काळं असलं म्हणजे अतिनील किरण अडतातच असं नाही. उलट अंधार झाला म्हणून बाहुली मोठी होते, आणि किरण अडले नाहीत तर ते उघड्या दारातून ऐसपैस आत शिरतात. दिसायला मात्र माणूस सिनेमातला.

2023च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली. आळंदीपासून बातम्या सुरू झाल्या आणि बघता बघता राज्यभर डोळे लाल. तेव्हा अख्खी सरावली गॉगल लावून हिंडत होती, कारण नुसतं बघितल्याने डोळे येतात यावर सर्वांचा विश्वास. बघितल्याने काही होत नाही. हात, रुमाल आणि टॉवेल यांनी होतं. पण बेसिनजवळच्या खिळ्यावरचा तो एक सामाईक टॉवेल आधी आजोबांनी, मग पाहुण्यांनी, मग पोरांनी डोळ्याला लावला आणि सगळे मिळून शेजाऱ्याच्या नजरेला दोष देत बसले. आईचा पदर वेगळाच. त्याचा बोळा करून, फुंकर मारून डोळ्याला दिलेला शेक जगात कुठे मिळत नाही, हे मान्य. तोच पदर चुलीवरचं पातेलं उतरवतो, हेही मान्य करायला हवं.

राहिला टाय. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी’मध्ये 2003 साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांचा एक अभ्यास छापून आला. वीस निरोगी आणि वीस काचबिंदूचे पुरुष घेऊन त्यांचे टाय तीन मिनिटं घट्ट आवळले, तर बऱ्याच जणांच्या डोळ्यातला दाब वाढला. गळ्याच्या शिरा दाबल्या की रक्त परतताना अडतं आणि त्याचा ताण डोळ्यापर्यंत पोचतो. सैल केला की दाब उतरतो, तेव्हा घाबरून जाण्यासारखं नाही. पण काचबिंदू असलेल्याने गळा मोकळाच ठेवावा. आमच्याकडे टाय मुख्यतः मे महिन्यात नवरदेव घालतो आणि तो मामा बांधतो. मामाने आजवर फक्त बैलाचं दावं बांधलेलं असतं.

हा अभ्यास मी मामांना सविस्तर समजावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मामीकडे वळून म्हणाले, “ऐकलंस? आणि मी ग्रामसभेला बनियनवर गेलो की तू ओरडतेस!”